औषधाचेंच वावडें

एखाद्यास वांगें सोसत नाहीं, तर एखाद्यास मासे. अन्नाचें वावडें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु वावडें शमविणाऱ्या औषधाचेंच वावडें होऊं शकतें, ही गोष्ट वैद्यकासहि उशिरां कळली.

१९४८ सालीं अमेरिकेंत डॉ. हेंच यांनीं संधिवाताच्या एका रोगिणीस कॉर्टिझोन टोंचलें आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूंफिरूं लागली. १९५० सालीं त्यांना केंडॉल व राइखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें सल्झबर्गर व विटन यांनीं १९५२ सालीं कॉर्टिझोनचेंच भावंड असलेलें हायड्रोकॉर्टिझोन इसबावर मलमाच्या रूपानें गुणकारी ठरतें, असें दाखविलें.

त्याच दशकांत महाराष्ट्रांत एक नवी पीडा अवतरली. गाजर गवताची नोंद १९५६ सालीं पुण्याहून झाली. मग सोलापूरकडील माळरानें आणि शेतांचे बांधहि त्यानें व्यापले. त्यांतील पार्थेनिन नामक द्रव्यानें कित्येकांचे चेहरे, माना व कोपरांच्या लवणी खाजेनें सुजूं लागल्या. लोणकर, मिचेल व कॅलनन यांनीं १९७४ सालीं या विकाराचें वर्णन केलें. खुरपणी करणाऱ्यांच्या घरीं अशा रीतीनें स्टेरॉइड मलमाची ट्यूब आली.

मलमानें खाज थांबे. परंतु कांहीं रोग्यांचें इसब हटेना. १९५९ सालींच युरोपांतील वैद्यांनीं हायड्रोकॉर्टिझोनमुळेंच इसब झालेले रोगी नोंदविले होते. कुंपणच शेत खाऊं लागलें होतें! हा दोष ओळखणें कठीण, कारण जें द्रव्य पुरळ उठवितें, तेंच पुरळ दाबूनहि ठेवतें. रोग बरा होत नाहीं, एवढीच काय ती खूण. आणि त्यावर उपाय म्हणून तेंच मलम अधिक चोळलें जातें.

निदानाची वाट यादासोन यांनीं १८९५ सालीं दाखविलेल्या पट्टी-परीक्षेची आहे. संशयित द्रव्य पाठीवर चिकटवून दोन दिवसांनीं काढतात. स्टेरॉइडच्या बाबतींत मात्र सातव्या दिवशींहि पाठ पाहावी लागते, कारण दबलेली लाली उशिरां उमटते. कित्येकदां दोषी स्टेरॉइड नसून मलमांत मिसळलेलें निओमायसिन किंवा तें टिकविणारें द्रव्य असतें. १९८९ सालीं कूपमन प्रभृतींनीं स्टेरॉइडांचे चार गट पाडले. त्यामुळें एका गटाचें औषध न मानवल्यास दुसऱ्या गटांतील निवडणें सुलभ झालें.

मार्च २०१८ मध्यें भारत सरकारनें चौदा स्टेरॉइड मलमें चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली. सोलापुरांत १९६३ सालापासून वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीहि खेड्यांतील रोग्याची वाट बहुधा औषधाच्या दुकानापाशींच संपते. तेथें अधिक तीव्र ट्यूब मागण्यापूर्वीं त्यानें जुनी ट्यूब घेऊन वैद्याकडे जावें. ज्यावर विश्वास ठेवला, त्याचीच झडती घेणें हें अविश्वासाचें नव्हे, शहाणपणाचें लक्षण आहे.