रिळाविना गळ

१९७२च्या दुष्काळात नदी आटली, डोह तेवढा उरला. मला शहरात पाहिलेला रिळाचा गळ हवा होता. घरात रेशनच्या मिलोची भाकर. आजा म्हणाला, “रीळ दोरी गुंडाळायला, लेका. मासा हाताला कळतो.” त्यानं बेटातला वाळका बांबू तासला, मोरपिसाचा देठ तरंगायला बांधला.

पुढं वाचलं, पिसांची खोटी माशी लावून मासे धरणाऱ्या साहेबांच्या काठ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात ‘कलकत्ता’ बांबू इथूनच विलायतेला जाई. त्या गळातही रिळाचं मुख्य काम दोरी साठवणं. नवशिक्यानं पैसा काठी-दोरीवर घालावा, रीळ साधं चालतं. आजा हेच सांगत होता.

त्या संध्याकाळी मरळ लागली. कितीतरी दिवसांनी आईनं कालवण केलं.