नशीब आणि कसब

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. नंतर कोपरच्या फलाटावर मी एकच वाक्य ऐकत होतो, "वरच्याने लिहिलेलं कोण पुसणार?" हिंदूही हेच म्हणत होते, मुसलमानही.

इस्लामच्या इतिहासात हा वाद फार जुना आहे. इ.स. 639च्या सुमारास खलिफा उमर सीरियाकडे निघाले होते. तिकडे प्लेग पसरल्याचं वाटेत कळलं, तेव्हा सल्लामसलत करून ते मागे फिरले. सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाने ठरवलेल्यापासून पळताय का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की मागे फिरणं हेही त्यानेच ठरवलेलं आहे. म्हणजे श्रद्धा होती, पण हातावर हात ठेवून बसणं नव्हतं.

पुढे उमय्या राजवटीत राज्यकर्त्यांचा जुलूमही ईश्वराची इच्छा म्हणून खपवला जाऊ लागला. कदरिया विचारवंतांनी त्याला विरोध केला. माणूस आपल्या कर्माला स्वतः जबाबदार, हे त्यांचं म्हणणं. दहाव्या शतकात अल-अशअरींनी मधला मार्ग मांडला. कृती निर्माण करतो ईश्वर, पण माणूस ती 'कस्ब' करतो, म्हणजे कमावतो. म्हणून हिशेब माणसालाच द्यायचा.

गंमत बघा, मराठीतलं 'नशीब' अरबीतून आलं, तसंच 'कसब'ही तिथूनच आलं. अपघात झाला की आपल्याला पहिलाच शब्द आठवतो. गाड्यांच्या फेऱ्या वाढवणं, दारं बंद होणारे डबे आणणं ही माणसांची कामं आहेत. दुवा जरूर मागा, पण जाब माणसांनाच विचारा.