पावसाळ्याची बेगमी आणि घरातील कोठी

चैत्र-वैशाखात आपल्याकडे दोन कामे एकदम निघतात. एक व्याख्यानांचे आणि दुसरे बेगमीचे. वक्ते मंडपात देशाच्या भवितव्याविषयी बोलत असतात, त्याच सुमारास घरोघरी कुरडया वाळत असतात, तुरीला ऊन दिले जात असते आणि वर्षाचे तिखट कांडले जात असते. या दुसऱ्या कामाकडे इतिहासकारांनी फारसे पाहिले नाही. पाहिले असते तर राज्ये का टिकली आणि घरे का बुडाली, याचा काही उलगडा त्यांना स्वयंपाकघराच्या मागील अंधाऱ्या खोलीतही झाला असता, असे आम्हांस वाटते. त्या खोलीविषयी येथे लिहावयाचे आहे.

राजगुरुनगरचे मूळचे नाव खेड. तालुक्यास आजही तेच नाव आहे. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म येथे २४ ऑगस्ट १९०८ रोजी झाला आणि भीमेकाठचा त्यांचा वाडा स्मारक म्हणून जपला गेला, हे योग्यच झाले. पण आम्ही ज्या खोलीविषयी बोलत आहो तिचे स्मारक कोणी करीत नाही. वाडा उतरविताना माजघराच्या भिंतीत पोकळ जागा निघते, मजूर तीत माती लोटून देतात, आणि ते बळद होते हे सांगणारे कोणी जवळ नसते.

खेड तालुका मोठा चमत्कारिक आहे. पश्चिमेस भीमाशंकराचा डोंगर, तुफान पाऊस आणि भात. पूर्वेस येता येता पाऊस ओसरत जातो आणि बाजरी-ज्वारीचा मुलूख लागतो. एकाच तालुक्यात धान्य साठविण्याच्या दोन तऱ्हा का, याचे उत्तर या पावसात आहे. कोरड्या बाजूस जमिनीत पेव खणता येते. तोंड मातीने बंद केले की आत हवा राहत नाही, आणि हवा नाही म्हणून किडाही जगत नाही. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरणे म्हणजे मरणच. शहाणा माणूस आधी कंदील सोडून पाही, आणि तो विझला तर थांबे. पश्चिमेकडे असे पेव महिनाभरही टिकावयाचे नाही. तेथे कणगी जमिनीपासून उंच ठेवावयाची, किंवा चुलीवरच्या माळ्यावर धुरात, म्हणजे ओल आणि कीड दोन्ही दूर राहतात.

ही विद्या किती जुनी आहे? शिरूर तालुक्यात भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीत घराघरांतून धान्याची पेवे आणि रांजण निघाले. आणि गावच्या प्रमुखाचे असावे असे जे पाच खोल्यांचे घर सापडले, त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. गावाची कोठी ज्याच्या अंगणात, गाव त्याचे. पुढच्या तीन हजार वर्षांच्या राजकारणाचे बीज आम्हांस त्या शेजारात दिसते.

आता घरात येऊ. कणगी विणावयाची निरगुडीच्या फोकांची किंवा बांबूची, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपावयाची, वर तोंड बंद करून तळाशी एक भोक ठेवावयाचे आणि त्याला चिंधीचा बोळा बसवावयाचा. रोजचे धान्य या भोकातून काढले की वरचे लिंपण फोडावे लागत नाही आणि भर श्रावणातही आत दमट हवा शिरत नाही. धान्यात निंबाचा पाला, राख किंवा बिब्बे. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. उतरंडीचा क्रमही असाच विचाराचा. सर्वांत मोठे मडके तळाशी आणि लहान वर, हे तोलासाठी झाले. पण तळाच्या मडक्याला हात घालावयाचा तर वरची सगळी उतरावी लागतात. म्हणून जे क्वचित लागावयाचे, किंवा जे सहजासहजी कोणाच्या हाती लागू नये, ते तळाशी. बियाणे तर सर्वांत आधी बाजूला पडे. चांगली कणसे निवडून ती वेगळी टांगावयाची किंवा त्यांचे दाणे वेगळ्या मडक्यात बंद करावयाचे, आणि उपास पडला तरी त्यांना शिवावयाचे नाही. आजचे स्वयंपाकघर लावताना आपण हाताशी काय असावे याचा विचार करतो. जुन्या कोठीत मुख्य विचार काळाचा असे: कोणते तोंड कोणत्या महिन्यात उघडावयाचे.

माप पायलीचे, चार शेरांची एक पायली. मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणावयाचे नाही, ‘लाभ’ म्हणावयाचे. हा सारा हिशेब लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या डोक्यात असे. खाणारी तोंडे किती, पाहुणे किती, माहेरपणाला येणारी लेक कधी, आणि आखाड कसा काढावयाचा!

राज्याची कोठी याहून निराळी नव्हती. शिवकालीन बारा महालांत कोठीची गणना होते, अठरा कारखान्यांत अंबारखान्याची. येथून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव गाठून जुन्नरला वळले की शिवनेरीवर अंबारखान्याची इमारत दिसते. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारे तर सर्वांना ठाऊक आहेत. पण आम्हांस या इमारतींहून मोठे वाटते ते शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले पत्र. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा-वैरण आत्ताच मनास येईल तसा उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी धान्य, भाकर, गवत, लाकूड, भाजी हिसकावयास जाल, आणि रयतेला वाटेल की मोगल याहून बरे होते, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळत राहू देऊ नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, हेही त्यात आहे. सिंहासनाची तयारी चाललेली आणि हा राजा उंदराचा विचार करतो! कोणत्याही जाणत्या गृहिणीला हे पत्र परके वाटणार नाही.

तथापि जुन्या कोठीचे आम्ही गोडवे गाणार नाही. तिला कुलूप होते आणि किल्ली सासूच्या कमरेला. शेवटच्या पंगतीला बसणारी सून पोटभर जेवली की नाही याची नोंद कोणत्याही मापात नव्हती. गावात ज्यांच्या घरी कणगी भरण्याइतके कधी पिकलेच नाही, त्यांचे तर बोलणेच नको.

या कोठीला खरा तडा गेला तो उधळपट्टीने नव्हे. ब्रिटिश अमदानीत सारा ठरल्या हप्त्याला रोख रुपयांत भरावयाचा, म्हणून सुगीत भाव पडलेला असतानाच धान्य विकावे लागे; तेच पुढे महाग दराने विकत घ्यावयाचे किंवा सावकाराकडून सवाई-दिढीने उचलावयाचे. पायली नेली तर सव्वा किंवा दीड पायली परत. पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली त्याच १८७५ साली, मे महिन्यात, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे ताब्यात घेतले. पुढल्याच वर्षी पाऊस गेला आणि १८७६–७८ चा दुष्काळ आला. ज्यांची कोठी आधीच सावकाराच्या वखारीत होती, त्यांना तोंड द्यावयास घरात काही उरले नव्हते. ते आळशी होते, अदूरदर्शी होते, असे त्या काळचे कित्येक अधिकारी म्हणत. बियाण्याचे मडके फोडून खाण्याची पाळी आलेल्या माणसाला दूरदृष्टी शिकविणे सोपे असते.

त्यानंतर कोठी आटतच गेली. रॉकेलचे डबे आले, १९३७ नंतर डालडाचे आले, आणि चाळीतल्या फळीवर बसेल एवढीच बेगमी उरली. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि कोठीची किल्ली एका अर्थी कार्डाच्या रूपाने सरकारच्या हाती गेली. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर आणि दुष्काळी कामावरची सुकडी आम्हांस आठवते. रिकाम्या कणगीत आम्ही मुले लपंडाव खेळत असू. घरातली मोठी माणसे त्यावर का रागावत, ते तेव्हा कळत नसे.

आज चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेली मुले राजगुरुनगरपर्यंत खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत चौघे असतात आणि फळीवर तांदळाची पाच किलोची पिशवी, तेलाची पिशवी, डाळीचा एक डबा. पगार झाला की भरावयाचे, पंचविशीनंतर जपून वापरावयाचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, कारखाने थांबले, आणि अशा खोल्यांतील माणसे किती दिवसांचे धान्य आहे ते मोजू लागली. पायली कोणाजवळ नव्हती, वाटीने मोजले.