साल्हेरचें युद्ध आणि कारभाऱ्यांची लष्करी चाकरी

सटाण्यांतील आमचा एक माजी विद्यार्थी हिशेबनीस असून प्रादेशिक सेनेंत अधिकारी होऊं इच्छितो. आपली विद्या तेथें कोणत्या खात्यास उपयोगी पडेल, असें त्यानें आम्हांस विचारलें. प्रश्न आजचा खरा, परंतु त्याचें एक जुनें उत्तर याच तालुक्यांत साल्हेरच्या पायथ्याशीं आहे.

इ. स. १६७१ त मराठ्यांनीं घेतलेल्या साल्हेरास मोंगलांनीं वेढा घातला. तो उठविण्यास १६७२ त दोन फौजा निघाल्या. सभासदाच्या बखरीप्रमाणें सरनोबत प्रतापराव गुजर घोडदळासह वरघाटानें आले, व मोरोपंत पेशवे पायदळासह कोंकणांतून चढले. मोंगलांचा मोड झाला, इखलासखान कैद झाला. मराठ्यांकडील सूर्यराव काकडे पडले. या जयांत पेशव्याचा भाग नांवापुरता, असें आम्हीहि वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें, हें येथें कबूल करतों.

मोरोपंत मूळचे कारभारी खरे. परंतु प्रतापगड १६५६ त त्यांच्याच देखरेखीखालीं उभा राहिला. डोंगरावर किल्ला बांधणाऱ्यास माणसें, धान्य व पाणी कड्यावर चढविण्याचा हिशेब हातचा असतो. सह्याद्रि चढून पायदळ वेळेवर पोंचविणें हें त्याच विद्येचें काम. म्हणूनच त्यांस घोडदळ न देतां पायदळ दिलें असावें, असा आमचा तर्क आहे.

हा अपवाद नव्हता. राज्याभिषेकसमयींच्या कानूजाबत्यांत न्यायाधीश व पंडितराव वगळून इतर प्रधानांस युद्धप्रसंगाची चाकरी लाविली आहे. गडावरहि हजिरी व जमाखर्च सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे, किल्ल्या हवालदाराकडे. कौटिल्यानें तर सुराष्ट्र-कांबोजांतील श्रेणींस वार्ता व शस्त्र या दोहोंवर उपजीविका करणाऱ्या म्हटलें आहे.

आजची व्यवस्था थोडी निराळी आहे. १९४८ च्या कायद्यान्वयें प्रादेशिक सेना स्थापन झाली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारींनीं तिचें उद्घाटन केलें. रेल्वे, तेलकंपन्या व इस्पितळें यांच्या खातेनिहाय तुकड्या तिच्यांत आहेत. परंतु त्या त्या खात्याच्या माणसांसाठींच. हिशेबनिसांची निराळी तुकडी नाहीं. सबब आमच्या विद्यार्थ्यास पायदळाचीच वाट मोकळी आहे. पलटणीस क्वार्टरमास्टर लागतोच, व त्याचें भांडार म्हणजे जुन्या कारखानिसाचेंच कोठार. पायदळासाठीं अर्ज करून पुढें त्या जागेवर दृष्टि ठेवावी, असें आम्हीं त्यास लिहून धाडलें आहे.