पाऊलखुणांचा जमाखर्च

माणूस कोठे गेला, कोठे थांबला, याची नोंद पूर्वी बहुधा दोघेच ठेवीत: प्रवासी स्वतः आणि त्याच्या मागावरचा शिपाई. पहिल्याची ती रोजनिशी, दुसऱ्याची ती पाळत. या दोहोंमधील भिंत कशी ढासळत गेली, हे आम्हांला तीन कलावंतांच्या कृतींतून स्पष्ट दिसते.

ओन कावारा या जपानी चित्रकाराने १९६८ ते १९७९ या काळात एक व्रत पाळले. ज्या गावी असेल तेथील नकाशाच्या प्रतीवर तो दिवसभराची आपली वाट तांबड्या शाईने रेखाटी. ‘मी गेलो’ एवढेच त्या मालिकेचे नाव. चालणारा तोच आणि लेखणी धरणाराही तोच.

पुढे ही लेखणी आकाशात गेली. अमेरिकेने लष्करासाठी उभारलेल्या जी.पी.एस. उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम राखलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. शंभर मीटरांपर्यंत चुकणारे स्थान सामान्य माणसालाही सुमारे दहापट अचूक कळू लागले. २००२ साली एस्थर पोलाक या डच कलावतीने वाग सोसायटीच्या साह्याने ॲमस्टरडॅमच्या काही रहिवाशांजवळ अशी यंत्रे दिली. दोन महिने त्यांच्या हालचालींच्या रेषा काळ्या पडद्यावर उमटत राहिल्या आणि लोकांच्या पावलांनीच शहराचा नकाशा काढला. तेथे निदान संमती होती.

त्याच वर्षी हसन इलाही या बांगलादेशात जन्मलेल्या अमेरिकन कलावंताला डेट्रॉइटच्या विमानतळावर अडविण्यात आले. कोणीतरी त्याच्याविषयी खोटी खबर दिली होती. कित्येक महिने चौकशी चालली; तो निर्दोष ठरला, पण धास्ती उरली. तेव्हा त्याने आपले ठिकाण, जेवणाचे ताट, निजण्याची जागा यांची हजारो छायाचित्रे इंटरनेटवर मांडली. स्वतः मात्र तो त्यांत सहसा दिसत नाही. त्याचा युक्तिवाद असा, की माहितीचे मोल ती दुर्मिळ असते तोवरच. बाजारात तिचा पूर आणला की भाव उतरतो.

युक्ती मार्मिक खरी. पण तिच्या भरवशावर आम्हांला निर्धास्त राहवत नाही. नोंदींचा ढीग चाळताना शिपाई थकेल, यंत्र थकत नाही. शिवाय निर्दोष माणसाने आपले निर्दोषत्व रोज नव्याने सिद्ध करावे, हा न्यायच उलटा आहे. आज आपल्या खिशातील मोबाईल अशाच नोंदी मुकाट्याने ठेवू शकतो. आणि त्या कोणाच्या वहीत जातात, हे आपण क्वचितच विचारतो.

कावाराने मनात आणले असते, तर लेखणी खाली ठेवून त्याला आपली रेघ कोणत्याही सायंकाळी थांबविता आली असती. आपल्याला तसे करता येईल काय? रेघ थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, लेखणी त्याचीच.