दहाचा आकडा, पट्टे आणि ठिपके
सापाच्या नक्षीवरून निवड करण्याचा इतिहास

शिरोळ तालुक्यात कुठेही साप निघाला की जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘रंग कसला होता?’ कृष्णा-पंचगंगेच्या काठचा हा मुलूख उसाचा आणि पुराचा. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर घराघरांतून, वैरणीच्या गंजीतून साप निघत होते, तेव्हाही हाच प्रश्न विचारला जात होता. ‘काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा’ असे उत्तर आले की काठ्या बाहेर निघतात. साप मारायचा की जाऊ द्यायचा, हे आपल्याकडे बहुधा त्याच्या कातडीवरून ठरते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न दुकानात उभे राहून विचारतात. अमेरिकेत साप पाळणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे आणि त्यांच्या आवडीच्या सापांपैकी एक म्हणजे किंगस्नेक. नावावरून हा आपला नागराज, म्हणजे किंग कोब्रा, असे वाटेल. पण दोघांचा संबंध नाही. किंगस्नेक बिनविषारी आहे. तो इतर साप खातो, खडखड्या सापाचे म्हणजे रॅटलस्नेकचे विषही त्याला फारसे बाधत नाही, म्हणून हे नाव. त्याची निवड होते ती मुख्यतः रंग आणि नक्षी पाहून. नक्षीवरून साप ओळखणे आणि नक्षीवरून साप निवडणे या दोन्ही गोष्टींचा इतिहास मी गेली काही वर्षे जुन्या-नव्या ग्रंथांतून जुळवतो आहे. तो एकत्र ठेवला की एक गोष्ट स्पष्ट होते. नक्षी पाहणारी नजर कधी शास्त्रज्ञांच्याही पुढे गेली आहे, तर कधी तिने चांगल्या जाणकारांनाही चकवले आहे.

गारुड्यांचे वर्गीकरण

आपल्याकडे साप बाळगणारा पहिला वर्ग गारुड्यांचा. त्यांच्या टोपलीत नाग, धामण, मांडूळ, अजगर असत. पण मान नागाला, आणि नागात फणीवर ठळक ‘दहाचा आकडा’ असलेल्याला. बंगालमधल्या सापवाल्यांची विभागणी आणखी काटेकोर होती. फणीवर चष्म्यासारखी खूण असलेला तो गोखुरा आणि एकच गोल खूण असलेला तो केउटिया. कलकत्त्यात शल्यचिकित्सक असलेल्या जोसेफ फेअररने १८७२ च्या ‘द थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ या चित्रमय ग्रंथात हा भेद नोंदवला, पण दोन्ही एकाच जातीचे प्रकार मानले. शंभराहून अधिक वर्षांनी सूक्ष्म अभ्यासातून ठरले की हे दोन नाग खरोखरच दोन स्वतंत्र जाती आहेत. केउटियाचे शास्त्रीय नाव ‘नाजा काउथिया’, आणि त्यात सापवाल्यांचा शब्द आजही ऐकू येतो.

इथे गारुडी बरोबर ठरला. पण वायव्य भारतात आणि पाकिस्तानात फणीवर खूण नसलेला काळाकुट्ट नाग मिळतो. तो वेगळा असल्याचे अनेकांना वाटत होते, आणि तो निघाला आपला नेहमीचाच नाग. म्हणजे बंगालमध्ये खुणेने खरा भेद दाखवला आणि सिंधकडे रंगाने नसलेला भेद भासवला.

एका वीजअभियंत्याचा शोध

असाच पेच कॅलिफोर्नियात पडला होता. तिथे दोन किंगस्नेक होते. एकाच्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, तर दुसऱ्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब रेघ. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्यांना दोन वेगळी नावे दिली होती. हा घोळ सोडवला लॉरेन्स क्लॉबर (१८८३–१९६८) यांनी. पेशाने ते वीजअभियंता, सॅन डिएगोच्या वीज-गॅस कंपनीत पुढे सर्वोच्च पदाला गेलेले. प्राणिशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. चाळिशीच्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयाला साप ओळखायला मदत करू लागले आणि त्यातच रमले.

क्लॉबरांनी अंडी उबवून पाहिली. एकाच मादीच्या अंड्यांतून पट्टेवाली पिल्लेही निघाली आणि रेघवालीही. एकाच आईच्या पोटची भावंडे दोन जातींची कशी असतील? १९३६ पासून त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि दोन नावांचा साप एक झाला. विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. पुराव्यासाठी त्यांनी जे केले ते धीर असलेल्या कोणालाही करता आले असते.

रंगाची बाजारपेठ

जे अभ्यासकाला कोडे होते, ते पैदास करणाऱ्यांना भांडवल झाले. पट्टे आणि रेघ आनुवंशिक आहेत म्हटल्यावर जोड्या लावून हवी ती नक्षी काढता येते. काळे रंगद्रव्यच नसलेला पांढरट-गुलाबी साप, पिवळ्याचे प्रमाण वाढवलेला ‘बनाना’, जांभळट झाकेचा ‘लॅव्हेंडर’, असे प्रकार निघाले. पांढरेपणाचा गुण बहुधा दबलेला असतो. तो वाहणारे पण दिसायला साधे नर-मादी एकत्र आले तर सरासरी चार पिल्लांत एक पांढरे निघते. असे प्रकार जितके दुर्मीळ, तितकी किंमत जास्त.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. चार पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानून जास्त दाम मोजणारे, खिलार बैलाचा रंग, शिंगे आणि अंगावरचे भोवरे पाहून सौदा करणारे आपलेच लोक. मात्र बैलाच्या बाजारात जाणकार शेतकरी रंग पाहून थांबत नाही. तो दात बघतो, चालवून बघतो. साप पाळण्यातले जाणकारही हेच सांगतात. आधी पिल्लू स्वतःहून खाते का, कातडी नीट निघते का, डोळे स्वच्छ आहेत का, ते पैदाशीचे आहे की रानातून धरलेले, हे पाहा, रंग शेवटी. शिवाय हा साप इतर साप खातो, म्हणून एकेकटाच ठेवावा लागतो, आणि वीस वर्षेही जगू शकतो. रंगाची हौस दोन वर्षांत फिटली तर उरलेली वर्षे त्याचे करायचे काय?

एका बेटाने दिलेले उत्तर

याचे उत्तर अटलांटिक महासागरातल्या ग्रान कॅनारिया या स्पॅनिश बेटावर मिळते. तिथे मूळचा एकही साप नव्हता. पाळलेले कॅलिफोर्नियन किंगस्नेक निसटले किंवा सोडून दिले गेले, आणि १९९८ पासून ते मोकळ्या रानात आढळू लागले. त्यांत पांढरट सापही मोठ्या संख्येने आहेत. माणसाने हौसेने निवडलेला रंग रानात पोहोचला तो असा. तिथल्या सरड्यांना सापाची ओळखच नव्हती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जिथे हे साप पसरले तिथे बेटावरचा खास मोठा सरडा ९० टक्क्यांहून अधिक घटला. साप धरण्याच्या मोहिमा वर्षानुवर्षे चालल्या, तरी ते संपलेले नाहीत.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार देशी साप पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पुजत. तिथे कौतुक रंगाचे नव्हते, लांबीचे आणि फण्याच्या उंचीचे होते. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तिथल्या प्रथेवर बंधने आली. परदेशी प्राण्यांबाबत २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेल्या प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली. तरीही परदेशी साप पाळण्याची हौस मोठ्या शहरांतून इकडे येणार, हे उघड आहे.

मण्यार की कवड्या?

आणि म्हणूनच आपल्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियाचा पट्टेरी किंगस्नेक आमच्या गावात कोणाला दाखवला तर तो मण्यार म्हणेल. काळे अंग, पांढरे आडवे पट्टे, दोन्ही सारखेच. आपल्याकडचा बिनविषारी कवड्या याच साम्यापायी रोज मारला जातो. तो पाली खातो, म्हणून घराच्या भिंतींत राहतो. मण्यारचे पट्टे शेपटीकडे स्पष्ट आणि डोक्याकडे विरळ होत जातात, तर कवड्याचे डोक्यापासून सुरू होऊन मागे पुसट होतात. पण रात्री बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाने हे पाहायचे कसे? घोणशीचेही तसेच. तिच्या पाठीवरची साखळी न ओळखता अजगराचे पिल्लू समजून हात घालणारे असतात, आणि घोणस समजून निरुपद्रवी दुरक्या घोणस ठेचणारेही.

हा धोका ओळखून लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल याने विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय सापांवर लेखमाला लिहिली. विषारी साप ओळखायला त्याने रंगापेक्षा खवल्यांवर भर दिला. मण्यारच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षट्कोनी असतात. रंग उडाला, पट्टे पुसले, तरी ते बदलत नाहीत. ही खूण खात्रीची, पण ती मेलेला साप हातात घेऊन पाहायची.

जिवंत माणसासाठी खरा मार्ग दुसऱ्या ठिकाणी निघाला. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तापासून जी प्रतिविष लस तयार झाली, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालते. त्यामुळे दवाखान्यात पेशंटबरोबर साप आणण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवतात. देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यांतली. त्यांतल्या कितीतरी घरी सोन्यासारखा वेळ साप शोधण्यात आणि त्याचा रंग ठरवण्यात गेला असेल.

रंग आणि नक्षी पाहण्याचा आनंद खोटा नाही; फेअररच्या ग्रंथातली नागाची चित्रे पाहताना मलाही तो मिळतो. पण दंश झाल्यावर रंगाची चर्चा बाजूला ठेवावी. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, आवळपट्टी न बांधता, पेशंटला थेट लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. आणि पट्ट्यांचा साप घरात दिसला तर काठी उचलण्याआधी सर्पमित्राला फोन करावा. तो कवड्या असेल तर त्याचा जीव वाचेल, मण्यार असेल तर आपला.