कपडे न काढता पाठीला हात

खुरपणी उरकली की आपली कंबर धरते. पण आपल्या पाठीला दुसऱ्याचा हात लागतो तो बाळंतपणात. सव्वा महिना अंग रगडून घेतलं की संपलं! पुढे तेल, आडोसा आणि आडवं पडायला सवड कुणाकडे?

हाच संकोच अमेरिकेतल्या एका शिक्षकानं हेरला. सॅन फ्रान्सिस्कोचे डेव्हिड पामर जपानी ‘अम्मा’ पद्धतीचं मालिश शिकवत. जपानात कित्येक शतकं हे काम अंध माणसांच्या पोटापाण्याचं साधन होतं. त्यात तेल नाही, कपड्यांवरूनच दाबायचं. अनोळखी खोलीत कपडे काढून निजायला लोक बिचकतात, म्हणून पामर यांनी १९८०च्या दशकात बसवूनच मालिश द्यायला सुरुवात केली. ‘ॲपल’ या संगणक कंपनीच्या कचेरीतही ते होऊ लागलं. १९८६ साली त्यासाठी खास खुर्ची आली. गुडघे टेकायचे, छाती आणि चेहरा पुढच्या गादीवर, पाठ मोकळी. पंधरा मिनिटांत काम होतं.

ती खुर्ची महाग, आणि लुगड्यात तिच्यावर चढणंही अवघडच! आम्ही स्टुलावर बसतो, समोर खाटेवर उशांचा ढीग, त्यावर डोकं. मणक्यावर दाबायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी तळहातानं दाबायचं. आराम थोड्या वेळाचाच मिळतो, दुखण्याचं मूळ जात नाही. पायाला मुंग्या येत असतील, जोर कमी वाटत असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टर.

आमच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब होईस्तोवर दोघींची पाठ दाबून होते.